लाजरं पोर अंगणवाडीत: बोलतं करायचं की बसू द्यायचं?

आगरातली | १९ जून, रात्री ९.५०

आम्ही गुहागर तालुक्यात, खाडीकाठच्या एका वाडीत राहतो. लेक साडेतीन वर्षांची आहे, या महिन्यात अंगणवाडीत घातली.

घरी तोंडाची टकळी बंद होत नाही. आजीशी, गोठ्यातल्या पाडीशी, पोफळीवर चढणाऱ्या गड्याशी, सगळ्यांशी गजाली. अंगणवाडीत मात्र एक शब्द नाही. रडत नाही, हट्ट नाही. डबा पोटाशी धरून दाराजवळ बसते, आणि घरी आली की तिथं म्हटलेली सगळी गाणी हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवते.

रडणाऱ्या पोराला निदान कोणी कडेवर तरी घेतं. हिचा कोणालाच त्रास नाही, त्यामुळे हिच्याकडे बघायला कोणाला सवडही नाही. सेविकाताई माणूस म्हणून चांगल्या आहेत, पण नोंदवह्या, आहार, मोबाइलवरची माहिती, गरोदर बायकांच्या भेटी, सगळं त्यांच्याच डोक्यावर.

आमच्या घराला लागून घर नाही. मधे आगर, मग वहाळ, त्यावर साकव, पलीकडे एक घर आणि त्यात दोन म्हातारी माणसं. तिच्या वयाची पोरं तिनं लग्नकार्यातच काय ती पाहिलेली. नवऱ्याचं म्हणणं, शृंगारतळीला इंग्रजी केजीत घालू, व्हॅन येते, चार पोरांत धीट होईल. सासूबाई म्हणतात, वर्षभर घरीच राहू दे. आणि वाटेत भेटेल तो विचारतो, "मुकी हाय काय गो ही?" तेही तिच्यासमोर.

नेमकं काय करावं? शिकवणाऱ्यांचा, पालकांचा, सगळ्यांचा अनुभव हवाय.

चाकरमानी_परळ | १९ जून, रात्री १०.३५

ताई, एवढं काय त्यात? आमच्या वेळी बाई नुसती छडी टेबलावर ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पोर पाढे म्हणायला लागायचं. चार दिवस गप्प बसेल, मग आपसूक सुटेल. हल्लीचे आईबाप विचार फार करतात.

पागोळी | १९ जून, रात्री १०.५२

काका, ते पोर धीट झालं होतं की छडीला घाबरून पाढे म्हणत होतं, हे एकदा त्या पोरालाच विचारायला हवं :)

खळ्यातली_ताई | २० जून, दुपारी ३.१५

मी वेंगुर्ले तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आगरातली, तुमची लेक घरी येऊन गाणी म्हणते हे वाचून मला तर बरं वाटलं. तिचे डोळे-कान अंगणवाडीत हजर आहेत. जे पोर घरीही काही सांगत नाही, त्याच्याकडे मी आधी बघते.

आपल्याकडची सगळ्यात वाईट खोड म्हणजे नवीन पोर दारात आलं की लगेच सुरू होतं: नाव काय तुझं? मोठ्यानं सांग! बापाचं नाव काय? पोर आईच्या पदरात तोंड घालतं, सगळे हसतात, आणि इथं तोंड उघडायचं म्हणजे परीक्षा, हे त्याला उंबऱ्यातच कळतं. अशा पोराला मी सुरुवातीचे आठवडे प्रश्नच विचारत नाही. शेजारी बसते आणि माझं माझं बोलत राहते. "निळो ठोकळो घेतलंस. वर ठेवतंस वाटता. अरे, पडलो!" उत्तर मागायचं नाही, तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, ठोकळ्याकडे बघायचं.

हजेरीला "हजर" म्हणायची सक्ती ठेवलेली नाही. प्रत्येकाची एक मोठी शिंपली आहे, त्यावर मी रंगानं चित्र काढलंय, कोणाची होडी, कोणाचा खेकडा. आलं की आपली शिंपली टोपलीतून काढून फळीवर ठेवायची. झाली हजेरी.

मुख्य गोष्ट हाताला काम. गोल करून बसवलं की गप्प पोरावर सगळ्यांची नजर जाते, आणि ते जास्तच आवळून बसतं. काम दिलं की नजर कामावर जाते. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे गाबीत (मासेमार) वस्तीतला एक झील, म्हणजे मुलगा, होता, दाराच्या आत यायलाच तयार नसायचा. त्याला मी पडवीतल्या चपला जोडीनं लावायला दिल्या. पावसात सगळ्या चिखलानं भरलेल्या, एक इकडे एक तिकडे. तो एकेक उचलून पागोळीखाली धुवायचा, तळवा बघायचा आणि बरोबर जोडी लावायचा. कोणाची कुठली हे त्याला माझ्याआधी पाठ झालं. सुटायच्या वेळी पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायला लागली. "माझी चप्पल खंय रे?" पहिल्यांदा तो नुसतं बोट दाखवायचा. मग कधीतरी "थंय" म्हणाला. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून ताटल्या पुसत राहिले.

पोरांशी मी मालवणीतच बोलते. घरी मालवणी ऐकणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी पुस्तकी "बाळा, इकडे येऊन बस" म्हटलं तर ते आधी भांबावणार. "हयसर ये गो बाय" म्हटलं की निम्मं काम होतं. प्रमाण मराठी गाण्यांतून, गोष्टींतून हळूहळू येतंच.

आणि निरोप. तिचं लक्ष नाही बघून गुपचूप सटकायचं नाही. तोंडावर सांगून जायचं. घड्याळ तिला कळत नाही, म्हणून "खिचडी खाऊन झाली की आजी येईल" असं सांगा. आणि मग खिचडी संपताना आजी खरंच दारात दिसली पाहिजे. त्यात फसवणूक झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आगरातली | २० जून, रात्री ८.२०

ताई, शिंपल्यांची हजेरी मी उद्याच आमच्या ताईंना सांगते. शिंपल्यांना इथं तोटा नाही. एक विचारते, सुरुवातीला मी तिच्याबरोबर आत बसू का? आमच्या ताई म्हणतात, आई बसली की पोर अजूनच चिकटतं.

राइनकाठचा_मालवणकर | २१ जून, पहाटे १.०५

नोकरीनिमित्त जर्मनीत आहे, मुलगा इथल्या बालवाडीत जातो. इथं बऱ्याच ठिकाणी बर्लिन मॉडेल नावाची पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा पोराबरोबर तासभर वर्गात बसतात आणि दोघं एकत्रच घरी जातात. त्या तीन दिवसांत पोराला वेगळं करायचं नावही काढत नाहीत. पालकानं एका जागी बसायचं, पोराला पुढे ढकलायचं नाही, जवळ आलं तर येऊ द्यायचं. खेळवायचं काम ताईचं, पालकाचं नव्हे.

चौथ्या दिवशी पालक रीतसर निरोप घेऊन बाहेर जातो, काही मिनिटं, फार तर अर्धा तास. रडलं तर रडू दे. बघायचं एवढंच की ताईनं जवळ घेतल्यावर शांत होतं का. होत असेल तर रोज वेळ वाढवायची. नसेल तर पालक परत आत येऊन बसतो आणि सगळं सावकाश, दोन-तीन आठवडे. चौथा दिवस सोमवारी आला तर वेगळं करणं मंगळवारवर ढकलतात, कारण शनिवार-रविवार घरी राहिलेलं पोर सोमवारी नव्यानंच आल्यासारखं असतं.

तेव्हा आई बसली म्हणून पोर चिकटतं असं नाही. आईनंच खेळवलं तर चिकटतं.

खळ्यातली_ताई | २१ जून, दुपारी २.४०

मालवणकरांनू, पद्धत झकास आहे. फक्त आमच्याकडे आयशीक तीन दिवस रजा कोण देणार? निम्म्या बायका पहाटे मासळी घेऊन बाजाराला गेलेल्या असतात, काही काजूच्या कारखान्यात, आणि पावसाळ्यात तर भातलावणी. पण आजी रिकामी असते. माझ्याकडे आजीच बसते, पडवीत, सुपात काहीतरी निवडत. पोराला दारातून ती दिसत राहते. आजीला एकच अट, "जा मगे, खेळ मगे" असं म्हणायचं नाही.

गंमत म्हणजे आजी बसल्या की माझाही फायदा होतो. गाणी त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात.

ऐकू_येतंय_का | २२ जून, रात्री ९.१०

मी वाचा-श्रवण तज्ज्ञ, रत्नागिरी. लांबून कोणत्याही मुलाचं निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण लाजणं कुठं संपतं आणि तपासणीची गरज कुठं लागते, एवढं सांगते.

पहिली तपासणी कानाची. पावसाळ्यात पोरं सतत सर्दीनं भरलेली असतात. सर्दी मुरली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं आणि ऐकणं मंद होतं. घरी, जवळून, शांततेत बोललेलं ऐकू येतं. वर्गात वर पत्रा, पत्र्यावर पाऊस आणि पंधरा पोरांचा कलकलाट असला की ताई काय म्हणाल्या ते कळतच नाही. मग पोर गप्प बसतं आणि आपण त्याला लाजरं म्हणतो. आगरातली, तुमची मुलगी तिथली गाणी शब्दांसकट म्हणते, म्हणजे ऐकू येत असावं. तरी सर्दी वारंवार होत असेल तर दाखवून घ्या.

दुसरं म्हणजे सिलेक्टिव्ह म्युटिझम. घरी नीट बोलणारं मूल शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी सातत्यानं बोलतच नाही, असं महिन्याहून जास्त चालतं, आणि त्याचं शिकणं-मिसळणं अडतं, तेव्हा हा विचार करतात. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, आणि तिथली भाषाच मुलाला नवीन असेल तर तेही आधी बघावं लागतं. हा चिंतेचा प्रकार आहे. मूल मुद्दाम तोंड बंद ठेवत नाही, त्या क्षणी त्याला बोलताच येत नाही. त्यामुळे आमिष, धाक, "बोललीस तर चॉकलेट", यांनी ते आणखी घट्ट होतं.

जे केल्यानं कुठलंच नुकसान नाही, ते आजपासून करता येईल. अंगणवाडी उघडायच्या थोडं आधी तिला घेऊन जा. वर्ग रिकामा असेल. तिथं तुम्ही दोघीच खेळा, बोला, तिचा आवाज त्या खोलीत फुटू दे. ताई लांब आपलं काम करत असतील. काही दिवसांनी ताई जरा जवळ, मग शेजारी, मग खेळात, आणि तुम्ही हळूहळू दाराकडे. पोरं कमी असतानाच एखादं पोर त्यात घ्यायचं.

ताईंनी प्रश्न विचारायचाच झाला तर "काय हवं?" असा मोकळा न विचारता "लाल की पिवळा?" असा विचारावा, मनात पाचपर्यंत मोजत थांबावं, आणि बोट दाखवलं तरी ते उत्तर धरावं. आपण फार लवकर दुसरा प्रश्न टाकतो.

आणि खळ्यातली ताईंनी त्या मुलाच्या "थंय"कडे लक्ष न दिल्यासारखं केलं, ते शंभर टक्के बरोबर. पहिला शब्द आला की आपण "अगो बाई, बोलली!" म्हणून टाळ्या पिटतो, सगळा वर्ग वळून बघतो, आणि पोर पुन्हा बंद.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. ते आलं की मुलीला त्या दिवशी आवर्जून न्या आणि "घरी बोलते, इथं बोलत नाही" हे स्वतः सांगा. वजन-उंचीच्या गडबडीत गप्प पोर सहज निसटतं. गरज वाटली तर ते पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. घरी तिचं बोलणं मोबाइलवर मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा, तपासणाऱ्याला फार उपयोग होतो.

चाकरमानी_परळ | २२ जून, रात्री ९.४५

झालं! लाजण्यालाही इंग्रजी नाव आलं. उद्या पोर शिंकलं तरी केंद्रात पाठवा.

ऐकू_येतंय_का | २२ जून, रात्री ९.५८

काका, बहुतेक लाजऱ्या मुलांना यातलं काहीच नसतं, आणि मी वर तेच लिहिलंय. पण ज्याला असतं ते पोर "सुटेल आपसूक" म्हणत पहिली-दुसरीपर्यंत तसंच राहतं. शू लागली हेसुद्धा बाईंना सांगू शकत नाही. त्याच्यासाठी लिहिलं.

बोर्डीचा_चिकू | २३ जून, सकाळी ७.३०

धाग्यात कोकणाचं दक्षिण टोक फार झालं, आता उत्तर टोकाचं थोडं.

आमच्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी त्या गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर होत्या. अनुताई वाघ बोर्डीलाच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. परकी माणसं, परकी जागा, बिचकायची. तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली आणि झोपडीपुढच्या अंगणात भरवायला सुरुवात केली. आजच्या अंगणवाड्या ज्यातून चालतात ती सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे बोर्डीच्या तीस वर्षांनी.

मला त्यातलं आवडतं ते हे की मूल येत नाही म्हणजे मुलात खोट आहे, असं त्यांनी धरलंच नाही. आपण साडेतीन वर्षांच्या पोरापुढे नवी जागा, नवं माणूस, नवी पोरं आणि नवी बोली असं सगळं एकाच सकाळी टाकतो. अंगणात बालवाडी भरली की जागा आपली, कुत्रं आपलं, आई हाकेच्या अंतरावर. नवीन काय, तर फक्त बाई.

आगरातली, ताईंना गृहभेटी असतातच. त्यातली एक तुमच्याकडे घडवून आणा. चहा होऊ दे, आणि लेकीला तिची पाडी ताईंना दाखवू दे. आपल्या गोठ्यात उभी असताना ती गप्प बसणार नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात ताईंनी पाडीची चौकशी केली तर उत्तर नाही आलं तरी चालेल, ओळख झालेली असेल.

त्या काळी महागडी मॉन्टेसरी साधनं खेड्यात कुठून आणणार? खडे, बिया, पानं, शिंपले यांचीच साधनं केली. आजही चालतात.

रातांबा | २३ जून, सकाळी १०.१२

साधनांत गुंजा पण छान दिसतात, लाल-काळ्या. आमच्या मुलांनी भरपूर मोजल्यात.

ऐकू_येतंय_का | २३ जून, सकाळी १०.२०

गुंजा अजिबात नको! बी विषारी असतं, चावून पोटात गेलं तर जिवावर बेततं. चिंचोके, काजूच्या बियासुद्धा तीन वर्षांखालच्या पोरांच्या हाती नकोत. नाकात गेलेला चिंचोका काढायला आलेली पोरं मी पुरेशी पाहिली आहेत.

शांत_बंदर | २३ जून, रात्री ११.३०

मी स्वतः असलं पोर होतो, आता चाळिशीत आहे, अजूनही लग्नात कोपरा धरूनच बसतो. त्यामुळे "धीट होईल" हे शब्द ऐकले की मला आजही पोटात गोळा येतो.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवीन आवाज, नवीन वास, हलणारी खेळणी दाखवून पाहिलं. साधारण पाचातलं एक बाळ जोरजोरात हातपाय झाडून रडायला लागायचं, आणि त्यातली बरीच पुढे बुजरी, सावध निघाली. म्हणजे स्वभावाचा बराच भाग पोर घेऊनच येतं, आईच्या लाडानं तो तयार होत नाही. सगळीच तशी राहिली असंही नाही. घरच्यांनी कसं हाताळलं त्यानंही फरक पडला, ना ढकलाढकली, ना पदराखाली झाकून ठेवणं.

माझ्या बालवाडीनं (नाव सोडा) स्नेहसंमेलनात मला ससा केला होता. पांढरे कापसाचे कान. पडदा वर गेला, समोर अख्खा गाव, आणि बाई विंगेतून "उडी मार, उडी मार" करत होत्या. मी उडी मारली नाही. पुढचं वर्षभर गावात माझं नाव ससा. आज कोणी पालक मला विचारतो की पोराला नाचात घ्यावं का, तेव्हा मी सांगतो, पोराला विचारा, आणि पडदा ओढायचं काम मोकळं आहे का तेही विचारा. पडदा ओढणाऱ्याला सगळा कार्यक्रम अगदी जवळून दिसतो.

आणि तो "मुकी हाय काय"चा प्रश्न. तिच्यासमोर "ती जरा लाजरी आहे हो" असं दिलगिरीच्या सुरात उत्तर देऊ नका. "तिला बघून घ्यायला आवडतं, मग बोलेल" म्हणा आणि चालू पडा. तिनं ते ऐकणं महत्त्वाचं, विचारणाऱ्याचं समाधान नाही झालं तरी बिघडत नाही.

पागोळी | २४ जून, दुपारी १.१०

शांत_बंदर, +१.

बघून घेण्याबद्दल एक. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी बालवाडीतल्या मुलांचं खेळणं बघून १९३२ मध्ये त्याचे प्रकार मांडले. त्यात नुसतं उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघणं हाही एक प्रकार आहे. मग शेजारी बसून आपापलं खेळणं, आणि त्यानंतर कुठं एकत्र. म्हणजे दाराजवळ डबा धरून बसलेली मुलगी काहीच करत नाही असं नाही.

आमच्या चिरंजीवांचं गाडं बाहुलीनं हललं. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या पाहून आलो. घरी येऊन त्यानं माझ्या पायमोज्याला दोन बटणं लावून घेतली. बालवाडीत तो स्वतः बोलायचा नाही, मोजा बोलायचा. बाईही मोज्यालाच विचारायच्या, "मोजेबुवा, भूक लागली का?" मोज्याला कायम लागलेली असायची. आम्ही एकच पथ्य पाळलं, "आता मोजा काढून बोल" असं म्हटलं नाही. पुढे मोजा हरवला, आणि कोणाला शोधायचं सुचलं नाही.

आगरातलीसाठी अजून एक. रविवारी वर्गातलं एकच पोर तुमच्या आगरात खेळायला बोलवा. एकच, चार नको. शक्यतो तेही जरा मवाळ, दांडगोबा नको. वर्गात एक ओळखीचं तोंड असलं की पुरतं.

केजीवाली_बाई | २५ जून, रात्री ८.५५

मी तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी माध्यमाच्या केजीत शिकवते, म्हणून आगरातलीच्या नवऱ्याच्या मुद्द्यावर बोलते. पोटापाण्याचा धंदा माझा तोच आहे, तरी सांगते, या मुलीला आत्ता व्हॅनमध्ये घालू नका.

आमच्या एकेका वर्गात तीस-तीस पोरं. व्हॅनवाला सात वाजता उचलतो, वळणावळणाचा घाट, निम्मी पोरं वर्गात येतानाच कोमेजलेली असतात. लाजरं पोर इथं धीट होत नाही, दिसेनासं होतं. वहीत ए-बी-सी-डी सुरेख गिरवतं, म्हणून शेऱ्यात "गुणी मुलगी" येतं आणि आईबाप खूश. ती वर्षभरात माझ्याशी पाच वाक्यं बोलली का, असा रकाना प्रगतिपुस्तकात नसतोच. त्यात तिला मराठीतच तोंड उघडायची धास्ती, तिथं "मे आय गो टू टॉयलेट" म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वय वर्षं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून आणि होता होईल तो घरच्या भाषेतून शिकवा म्हटलंय. पण पालकसभेत मी ते बोलले तर मालकच माझ्याकडे बघतात.

तुमच्या अंगणवाडीत पोरं किती?

आगरातली | २५ जून, रात्री ९.३०

आठ. पाऊस जास्त असला की चार.

केजीवाली_बाई | २५ जून, रात्री ९.३४

आठ! अहो, आमच्या संस्थेत पैसे मोजूनही आठाचा वर्ग मिळणार नाही. पाऊस असेल त्या दिवशी तर नक्की पाठवा. चार पोरांत तिची ताईंशी ओळख जितकी होईल तितकी एरवी होणार नाही. उलट आपण पाऊस आहे म्हणून घरी ठेवतो आणि ऊन पडल्यावर गर्दीत पाठवतो.

खळ्यातली_ताई | २६ जून, दुपारी ३.०५

केजीवाली बाय, अगदी खरं. पावसाच्या दिवशी वयाची उतरंडही उपयोगी पडते. पाच वर्षांची एखादी मोठी चेडू लहानग्याला बरोबर सांभाळते, हात धुवायला नेते, ताटली आणून देते. मोठ्या माणसाशी न बोलणारं पोर तिच्याशी कुजबुजतं. शहरातल्या वयवार वर्गांत ही सोय नाही.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवते. उपक्रमाचे फोटो काढून पाठवायचे असतात. मोबाइल वर धरला की बुजरं पोर बिथरतं. मी त्यांचे पाठमोरे काढते, हात आणि ठोकळे दिसले की पुरे. अजून कोणी हटकलेलं नाही.

चाकरमानी_परळ | २७ ऑगस्ट, रात्री १०.१५

धागा वर काढतो. गणपतीला गावी येतोय. नातू चार वर्षांचा, डोंबिवलीचा, फ्लॅटमध्ये वाढलेला. गेल्या वर्षी आरतीला पन्नास माणसं बघून माळ्यावर जाऊन बसला होता, उतरेचना. सुनेनं हा धागा वाचलाय आणि मला बजावलंय की त्याला सगळ्यांसमोर अथर्वशीर्ष म्हणायला लावायचं नाही. पाठ आहे हो त्याला! घरी खणखणीत म्हणतो. मग करायचं काय? आलेल्या माणसांना सांगू काय?

खळ्यातली_ताई | २८ ऑगस्ट, दुपारी २.२०

काका, सूनबाई बरोबर सांगते. माणसांना काही सांगायची गरज नाही, ती मोदकांसाठी येतात.

जमलं तर सगळे यायच्या एक-दोन दिवस आधी त्याला घेऊन या. रिकाम्या घरात त्याला फिरू दे, माटवी (गणपतीच्या डोक्यावरची सजवलेली चौकट) बांधताना कवंडळं, कांगल्या ही रानफळं तुमच्या हातात द्यायचं काम त्याच्याकडे द्या. गणपती आणायला जाल तेव्हा गर्दीत खांद्यावर घेऊ नका, त्याच्या बापाच्या बोटाला धरून मागून चालू दे. आरतीला झांज द्या आणि भिंतीकडची, दाराजवळची जागा द्या, म्हणजे नको झालं तर आपला आपण माजघरात जाईल. मागोमाग कोणी हाक मारत जायचं नाही.

आणि आत्याबाई, काकी जवळ घेऊन गालगुच्चे काढतात ते आधीच थांबवा. "पाया पड सगळ्यांच्या" हेही या वर्षी राहू दे, लांबूनच नमस्कार करू दे. अथर्वशीर्ष ऐकायचंच असेल तर पहाटे, पूजेआधी, तुम्ही फुलं निवडत असताना तो शेजारी असेल तेव्हा तुम्हीच सुरू करा आणि मधे एखादी ओळ सोडून द्या. भरली तर भरली.

डोंबिवलीला परत गेल्यावर बालवाडीचा पहिला आठवडा पुन्हा जूनसारखा जाईल, ते सुनेला आत्ताच सांगून ठेवा. आमच्याकडेही गणपतीच्या सुट्टीनंतर तसंच होतं, जूनमध्ये रुळलेली पोरं पण दारात अडतात. मी त्या आठवड्यात नवीन काहीच शिकवत नाही. जुनीच गाणी, जुन्याच शिंपल्या, आणि कोणाच्या घरी किती दिवसांचा गणपती होता ते बोटांवर दाखवायचं.

चाकरमानी_परळ | २८ ऑगस्ट, रात्री ९.००

झांजेची जोडी एकच आहे आणि ती माझ्याकडे असते. बघतो.